कोपऱ्यातला माणूस

ठाण्यातल्या बाळकुमच्या फुटबॉल टर्फवर रात्री नऊनंतर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मागं कोण?" पाच-पाच जण जमलेले असतात, पैसे मोबाइलवरून गेलेले असतात, तास सुरू झालेला असतो आणि मागं थांबायला कोणी राजी नसतं. मग जो सगळ्यात उशिरा आला किंवा ज्याचं पोट सुटलंय, त्याला मागं ढकलतात. तोही तोंड पाडून जातो. जाळीपलीकडे कशेळीच्या पुलाकडे निघालेले भिवंडीचे ट्रक मेट्रोच्या खांबांखाली खोळंबलेले असतात. त्यांच्या हॉर्नमध्ये मागं गेलेल्याची कुरकुर कोणाला ऐकू जात नाही.

त्या जाळीत बोटं अडकवून एक आजोबा उभे असतात. गावठाणातले. नातू खेळतो म्हणून येतात, त्याला घेऊन घरी जातात. तरुणपणी कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यात. दोन्ही करंगळ्या वाकड्या झाल्यात आणि त्या दाखवायला त्यांना आवडतं. फुटबॉल आपल्याला कळत नाही, असं आधी सांगून टाकतात आणि मग जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. "मागं कोण" ऐकून एकदा मला म्हणाले, "आमच्यात कोपऱ्यासाठी भांडणं व्हायची. आन ही पोरं बगा."

खाडीकाठच्या या आगरी-कोळी गावांत बचाव म्हणजे काय, हे कोणाला शिकवावं लागत नाही. चढाई करणारा येतो, नाचतो, हूल देतो, पाय पुढं टाकून मागं घेतो. कोपरारक्षकानं त्या पायाकडे बघत राहायचं आणि जायचं नाही. पुन्हा हूल, पुन्हा नाही जायचं. मग एका क्षणी, पाय टेकलेला आहे आणि अंगाचं सगळं वजन त्या पायावर आलंय, तेव्हा घोटा धरायचा. जरा आधी झेपावला तर हातात हवा येते आणि वर स्वतः बाद. आजोबांचं सगळं शास्त्र तीन शब्दांचं आहे: "त्याला यवदे रं."

राहुल भेके हा बचावपटू मला या तीन शब्दांमुळे कळला. नाहीतर त्याचे सामने मी बरीच वर्षं पाहत होतो आणि त्याला पाहत नव्हतो.

बचावपटूचं रसग्रहण ही तशी अडचणीचीच गोष्ट. आघाडीवीराची कारकीर्द पाच मिनिटांच्या चित्रफितीत मावते. बचावपटूचं बरंचसं कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींचं असतं. जो पास समोरच्यानं दिलाच नाही, कारण वाट आधीच बंद होती, त्याची चित्रफीत कशी काढणार? टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागं धावतो आणि बचावपटूची खरी करामत चेंडू वीस पावलं दूर असताना चालू असते. पटकन दोन पावलं मागं, खांद्यावरून एक नजर, शेजारच्याला हातानं खूण. मैदानात बसलं तर दिसतं, घरबसल्या नाही. आघाडीवीर नव्वद मिनिटं झोपला आणि एकदा जागा झाला की हिरो. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, नव्वद मिनिटं जागा राहिला आणि एकदा डुलकी लागली की त्याचंच नाव घराघरात.

भेके मुंबईचा, जन्म ६ डिसेंबर १९९०. मराठी पोर आणि फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरच्या पेठांकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. मुंबईत हा खेळ आधी गोऱ्या पलटणींचा, मग गिरण्या, बँका, रेल्वे, एअर इंडिया अशा नोकरी देणाऱ्या संघांचा. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, पण त्या कपावर जीव टाकणारं शहर फार पूर्वीच क्रिकेटकडे वळलं. ठाण्याच्या या टोकाहून कूपरेजला चाचणीसाठी जाणारा पोरगा बाळकुमहून टीएमटीनं ठाणे स्टेशन गाठतो, मग बोरीबंदरपर्यंत ३४ किलोमीटर लोकल, वर पायपीट. पिशवीत बूट असल्यानं डब्यातले लोक पाय मागं घेतात. भेकेही अशाच गर्दीतून पुढं आलेल्या पिढीतला.

तो घडला मुंबई एफसीत. हा क्लब आता नाही. २००७ साली निघाला, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मग गुंडाळला गेला. आय-लीग तेव्हा कागदावर देशातली पहिली श्रेणी, पण मुंबई एफसीचा मुक्काम बहुतेक वर्षं तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात. कूपरेजचं काम निघालं तेव्हा 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत, म्हणजे घरी खेळायला घाट चढून जायचं. प्रशिक्षक होते खालिद जमील. जवळपास सात वर्षं त्यांनी तो संघ तगवला, चालवला, खाली जाऊ दिला नाही. ते गेले आणि पुढच्याच मोसमात क्लब बुडाला. ते स्वतः मात्र त्याच मोसमात मिझोरमच्या ऐझॉलला विजेते करून बसले. खालिदच्या संघांना खेळ सुंदर नसल्याचे ताशेरे मिळतात, कौतुक क्वचित. आधी गोल खायचा नाही, बाकी मग बघू, असा खाक्या.

मला वाटतं, बचावपटूनं खालच्या अर्ध्यातल्या संघात शिकावं. मोठ्या क्लबच्या स्टॉपरला आठवड्यातून चार वेळा काम पडतं, मुंबई एफसीच्या स्टॉपरचा फोन सतत वाजत असतो. कलकत्त्याचे दोन मोठे संघ, गोव्याचे तीन-चार, परदेशी आघाडीवीर, आणि समोर तू. किती वेळा उडी मारणार? शंभर वेळा मारली तर साठ वेळा चुकणार. हळूहळू अंगाला कळतं की न जाणं हीदेखील हालचाल आहे. शास्त्रीय संगीतात रियाज म्हणतात तो प्रकार इथं सक्तीचा असतो, तोही बिनफीचा.

२०१४ नंतर तो ईस्ट बेंगॉलचा झाला, आणि तिथून पुढची तीन वर्षं त्या काळातल्या भारतीय फुटबॉलपटूच्या नशिबी आलेली विचित्र वर्षं. आय-लीग आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) तेव्हा वेगवेगळ्या चालायच्या. पावसाळा सरला की उसन्यावर एका संघात, नवीन वर्ष लागलं की परत आपल्या क्लबात. २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्स, २०१६ मध्ये पुणे सिटी, मधल्या काळात कलकत्ता. एका वर्षात दोन जर्सी, दोन गोलरक्षक, दोन भाषांतल्या हाका. आघाडीवीराला हे चालून जातं, त्याचं दुकान एकट्याचं असतं. बचावफळी ही चौघांची साखळी. कबड्डीत साखळी धरणाऱ्या दोघांचे हात एकमेकांच्या हातात असतात. फुटबॉलात मधे दहा-बारा पावलांचं अंतर आणि तरी हात हातात असल्यासारखं हलायचं. शेजारचा कधी सरकतो, कधी अडखळतो, हे अंगवळणी पडायला दोन मोसम लागतात. भेकेला दर चार महिन्यांनी नवा शेजारी.

या भटकंतीत त्यानं एक गोष्ट बरोबर वागवली, लांब थ्रो-इन. वाटतं तेवढी ही साधी चीज नाही. नियम कडक: दोन्ही पाय जमिनीला, चेंडू डोक्याच्या मागून, डोक्यावरून, दोन्ही हातांनी. म्हणजे दंडाची ताकद एकटी उपयोगाची नाही. कमरेतून धनुष्यासारखं मागं वाकून सगळं अंग एकदम सोडायचं. पाऊस असेल तर आधी चेंडू टॉवेलनं किंवा जर्सीनं पुसायचा. आणि गंमत अशी की थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, त्यामुळे डीमध्ये आपली माणसं कुठंही उभी करता येतात. मैदानाच्या कडेची एक किरकोळ फेक भेकेच्या हातात आली की जवळजवळ कॉर्नर किक व्हायची. पुसणं, दोन पावलं मागं जाणं, डीमध्ये कोण कुठं आहे ते पाहणं, सगळं सावकाश. समोरचे वैतागायचे. वैतागलेला माणूस जागा सोडतो, हे कोपऱ्यात उभं राहिलेल्याला पक्कं ठाऊक असतं.

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत गेला आणि अखेर एका जागी टिकला. आता त्याच्या एका गोलाकडे येतो, पण त्याआधी एक हार.

१७ मार्च २०१८. आयएसएलचा अंतिम सामना, बेंगळुरूचं स्वतःचं कांतीरवा स्टेडियम, नवव्या मिनिटाला आघाडीवीर सुनील छेत्रीचा गोल, शहर नाचायला तयार. आणि मग समोरच्या चेन्नईन संघाच्या मायल्सन आल्व्हेस या ब्राझिलियन स्टॉपरनं कॉर्नरवरून दोन हेडर मारले. एक सतराव्या मिनिटाला, दुसरा मध्यंतराच्या तोंडावर. सामना ३-२ नं गेला. बचावपटूला दुसऱ्या बचावपटूनं डोक्यानं हरवणं म्हणजे आपल्याच गल्लीत पट काढून पाडल्यासारखं. ती रात्र बेंगळुरूच्या बचावफळीनं कशी काढली असेल, देव जाणे.

बरोबर एक वर्षानं, १७ मार्च २०१९, पुन्हा अंतिम सामना. या वेळी मैदान अंधेरीचं, शहाजीराजे क्रीडा संकुल, म्हणजे भेकेचं गाव. समोर एफसी गोवा, त्या मोसमातला सगळ्यात देखणा संघ. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा मोरोक्कन मध्यरक्षक अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड खाऊन बाहेर गेला. टायब्रेकरला तीन-चार मिनिटं उरली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोनं तो मारला आणि भेकेनं डोकं लावलं. १-०. त्या संध्याकाळचा एकमेव गोल.

हा गोल मी कितीदा पाहिला त्याची मोजदाद नाही. कॉर्नरच्या वेळी डीमध्ये जे चालतं ते ठाणे स्टेशनात सकाळी ८:१५ च्या फास्टला चालतं तेच. कोपर, खांदा, जर्सीची ओढाताण, पंचाची नजर चुकवून टाकलेला पाय. बहुतेकांची चूक एकच, चेंडू सुटायच्या आधीच ते सुटतात. लवकर उडी मारणारा चेंडूला भेटतो तो खाली येताना, तोवर मानेतली ताकद संपलेली असते. उशिरा उडी मारणारा भेटतो वर जाताना. पायाचा, पाठीचा, मानेचा सगळा जोर त्या एका टोल्यात येतो. भेकेचं हेडर हे उशिरा निघालेल्या माणसाचं हेडर आहे. आणि मला त्यात तीच पकड दिसते: पाय टेकू दे, वजन येऊ दे, मग घोटा. फुटबॉलातला कॉर्नर आणि कबड्डीतला कोपरा, नावाचा योगायोग आहे हे मलाही कळतं, पण काही योगायोग सोडवत नाहीत.

सामना संपल्यावर फोनवरची ती चित्रफीत मी आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिली. गोलाबद्दल काही बोलले नाहीत. विचारलं, "ह्यो मागं खेलनारा ना? मंग पुढं कसा आला?" कॉर्नरला येतात, म्हटलं. "आन ह्याच्या जाग्यावर कोन हाय?" प्रश्न असा की जाणकारानंच विचारावा. स्टॉपर पुढं जातो तेव्हा त्याची रिकामी जागा कोणीतरी धरून असतो, आणि त्या माणसाचं नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही. मीही तेव्हा सांगू शकलो नाही.

त्या गोलानंतर तीनच महिन्यांत, जून २०१९ मध्ये, थायलंडच्या किंग्ज कपमध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली. वय अठ्ठावीस. या वयात क्रिकेटपटू कर्णधारपदाच्या गोष्टी करतो. आणि सप्टेंबरात दोहा. विश्वचषक पात्रतेचा सामना, समोर आशियाचा विजेता कतार, छेत्री तापानं आजारी. गोलरक्षक गुरप्रीतच्या पुढं चौघं: उजवीकडे भेके, मधे आदिल खान आणि संदेश झिंगन, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई. म्हणजे दोन्ही कडा आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या. ०-०. गुरप्रीतचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं, त्यानं चमत्कार केले. पण तो सामना मी दुसऱ्यांदा पाहिला तो फक्त उजवी कड बघायला. भेकेनं क्रॉस क्वचित अडवला. क्रॉस देणाऱ्याला रेषेच्या दिशेनं ढकलत ढकलत त्याचा कोन बिघडवला. क्रॉस येत होते, पण वाकडे येत होते. कबड्डीत याला चढाईवाल्याला कोपऱ्यात घेणं म्हणतात.

आता त्याच शहराची दुसरी रात्र. हिचं रसग्रहण करायला जिवावर येतं, पण ही वगळली तर बाकीचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

३ जून २०२१. पुन्हा दोहा, पुन्हा कतार. करोनामुळे गटाचे उरलेले सगळे सामने तिथंच ठेवलेले. इथं टर्फला कुलूप होतं आणि साकेत-बाळकुमच्या कोविड रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांचा आवाज रात्रभर. मी घरात फोनवर बघत होतो. भेकेच्या नावावर आधीच एक पिवळं कार्ड, आणि सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागला. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. सतरा मिनिटं! उरलेली त्र्याहत्तर मिनिटं भारत दहा जणांनी खेळला आणि १-० नं हरला. गुरप्रीत नसता तर आकडा लाजिरवाणा झाला असता.

हात मुद्दाम गेला की नकळत, यावर तेव्हा वाद झाला. मला त्यात रस नाही. मला दिसलं ते हे की ज्या माणसाची सगळी कारागिरी थांबण्यात होती, तो त्या सतरा मिनिटांत थांबत नव्हता. कतारचा वेग असा की वाट पाहायला उसंतच मिळत नव्हती. प्रत्येक चेंडूला तो अर्धं पाऊल आधी जात होता. पहिलं पिवळं कार्ड मिळालेला बचावपटू म्हणजे एक हात बांधलेला माणूस. त्यानं आणखी मागं सरकायला हवं होतं. तो पुढं गेला. कबड्डीत बाद झालेला गडी कडेला बसतो आणि आपल्या कोणी गुण आणला की परत आत येतो. त्या खेळाची ही केवढी माया आहे. फुटबॉलात लाल कार्डानंतर बोगद्यातून खाली जायचं आणि वर चाललेला आवाज भिंतीतून ऐकायचा.

त्या सामन्यानंतर तो संपला असं म्हणणारे पुष्कळ होते. वय तिशीपार. त्याच वर्षी तो मुंबई सिटीत आला, म्हणजे स्वतःच्या शहरात, पण तो ज्या क्लबात घडला त्यात नाही, तर शहरातल्या नव्या पैशाच्या संघात. ११ एप्रिल २०२२, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग. समोर इराकचा हवाई दलाचा संघ, अल-कुवा अल-जाविया. इराकी एका गोलानं पुढं, मग पेनल्टीवर बरोबरी, आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर. भेकेचं हेडर, २-१. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. कॉर्नर मारला कोणी? अहमद जाहूनं. तीन वर्षांपूर्वी अंधेरीत लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, ज्याच्या संघाला भेकेनं कॉर्नरवरूनच बुडवलं, तो आता त्याच्याच डोक्यावर चेंडू नेमका ठेवत होता. कादंबरीत कोणी असं लिहिलं तर आपण संपादकाला दोष देऊ.

मधलं भरभर सांगतो, कारण ते बक्षिसांच्या कपाटाचं वर्णन आहे. २०२२-२३ ची लीग शील्ड, आणि ४ मे २०२४ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल चषक. कर्णधार राहुल भेके. ज्या शहरात तो कधी ईस्ट बेंगॉलकडून मोहन बागानसमोर उभा राहायचा, तिथंच. पुढच्या मोसमात परत बेंगळुरू.

१८ नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, मलेशियाविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना. गुरप्रीतची चूक झाली आणि भारत पिछाडीवर पडला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि भेकेचं डोकं. १-१. देशासाठी त्याचा हा पहिला गोल, चौतिसावं वर्ष पुरं व्हायला अठरा दिवस कमी. मला या गोलाचं कौतुक वेगळ्या कारणानं आहे: दोहात गुरप्रीतनं भेकेची चूक त्र्याहत्तर मिनिटं झाकली होती. बचावफळीत अशा उसनवाऱ्या चालतात, वही कोणी ठेवत नाही.

चारच महिन्यांनी, १९ मार्च २०२५, शिलाँग, समोर मालदीव. त्या संध्याकाळी सगळा देश एका माणसाकडे बघत होता, निवृत्ती मागं घेऊन परतलेल्या सुनील छेत्रीकडे. छेत्रीनं गोल केलाही, हेडरच, सामन्यातला तिसरा. पण कोंडी फुटली होती ती पहिल्या गोलानं, चौतिसाव्या मिनिटाला. ब्रँडनचा कॉर्नर, भेकेचं डोकं. ३-० मधल्या पहिल्या गोलाला नंतर कोण विचारतं? आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी आले खालिद जमील. बालेवाडीला 'घरचा' सामना खेळायला घाट चढून जाणाऱ्या संघाचे तेच.

शिलाँगच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री मी टर्फवर गेलो. विषय अर्थातच छेत्रीचा. नऊ वाजून दहा मिनिटांनी आजोबांचा नातू धावत आला, क्लास सुटायला उशीर झाला म्हणून. "मागं कोण?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तो गेला मागं. जाळीपलीकडून आजोबा खोकले.

तिसऱ्याच मिनिटाला समोरचा एक उंच पोरगा चेंडू घेऊन सरळ त्याच्यावर चालून आला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, चेंडूवरून पाय फिरवला. आजोबांनी दोन्ही हातांनी जाळी गच्च धरली. "यवदे त्याला," ते हळूच म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "यवदे रं! जाव नको!"

नातू गेला. चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला आणि मागच्या जाळीला लागला. सगळे हसले, तोही हसला. आजोबा मात्र जाळी सोडून दोन पावलं मागं झाले, करंगळी चोळत राहिले, आणि मला म्हणाले, "अजून दोन बोटं थांबला असता ना."